वऱ्हाडचें ऊन आणि फियाटचें पेट्रोल

वैशाखांतील भर दुपार, तापून मऊ झालेल्या डांबराचा अमरावती-नागपूर हमरस्ता, आणि रस्त्याच्या कडेला निंबाच्या विरळ सावलींत उभी असलेली एक पांढरी फियाट गाडी. इ. स. १९८० च्या आगेंमागें नांदगांवपेठच्या लोकांस हा देखावा कांहीं नवा नव्हता. गाडी सकाळीं नागपुराहून निघालेली असे. सव्वाशेंहून अधिक किलोमीटरांची वाट तिनें एकदांही कुरकुर न करितां कापलेली असे. अमरावती आतां बारा-पंधरा किलोमीटरांवर राहिली, घोटभर चहा घ्यावा, म्हणून मंडळी उतरे. पंधरा मिनिटांनीं परत येऊन किल्ली फिरवावी, तों इंजिन नुसतें घुरघुरे. चालू होण्याचें नांव घेत नसे. टांकींत पेट्रोल आहे, बॅटरी चांगली आहे, ठिणगी पडते आहे. मग बिघडलें तरी काय? मालक बॉनेट उघडून आंत पाही आणि अधिकच गोंधळांत पडे. अशा वेळीं शेजारच्या पंक्चरच्या दुकानांतील मिस्त्री येई, पेट्रोलच्या पंपावर हात ठेवी, चटका बसतांच तो काढून घेई आणि सांगे, "साहेब, गाडी बिघडली नाई जी, तपली हाय. पंपावर वल्लं फडकं टाका अन् घटकाभर थंडी होऊ द्या."

मिस्त्र्याचें म्हणणें खरें ठरे. ओलें फडकें टाकून वीस-पंचवीस मिनिटें गेलीं कीं, गाडी जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा डौलांत अमरावतीच्या दिशेनें चालूं लागे. या ओल्या फडक्यामागें जवळजवळ एका शतकाचा इतिहास उभा आहे. पेट्रोल टांकींतून इंजिनापर्यंत कोणत्या वाटेनें आणि कोणत्या बळानें न्यावें, हा प्रश्न मोटारीच्या बालपणापासूनच कारागिरांसमोर होता. त्याचें प्रत्येक नवें उत्तर एक जुनी अडचण दूर करी आणि एक नवी अडचण पाठीशीं लावून देई. वऱ्हाडच्या उन्हानें, काळ्या मातीच्या धुळीनें आणि महागाईंत काटकसर करूं पाहणाऱ्या माणसाच्या स्वभावानें त्या अडचणींस येथला म्हणून एक वेगळा रंग दिला.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, पातळ पेट्रोल इंजिनांत नीट जळत नाहीं. त्याचे अत्यंत बारीक तुषार होऊन ते हवेंत मिसळावे लागतात, आणि तें मिश्रणही प्रमाणशीर असावें लागतें. वजनानें एक भाग पेट्रोल जाळावयाचें तर सुमारें पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल याहून फार अधिक झालें तर इंजिन गुदमरतें व काळा धूर सोडतें. फार कमी झालें तर तें धापा टाकतें आणि नको तितकें तापतें. हें मिश्रण करणारें जें यंत्र तोच कार्बुरेटर. पहिल्या मोटारींत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन त्याची वाफ उचलून घेत. पुढें १८९३ सालीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें आणि त्याच सुमारास बुडापेस्ट येथें बांकी व चोंका या दोघां हंगेरियन कारागिरांनीं, बारीक छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बुरेटर सिद्ध केला. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें गेली कीं तेथील दाब उतरतो आणि शेजारच्या छिद्रांतून पेट्रोल आपोआप ओढलें जातें. अत्तरदाणींतून अत्तराचे तुषार उडावे तसाच हा प्रकार. पुढलीं सुमारें शंभर वर्षें जगांतील बहुतेक लहान मोटारी याच तत्त्वावर चालल्या.

परंतु कार्बुरेटरपर्यंत पेट्रोल पोंचावयाचें कसें? पहिलें उत्तर सरळ होतें: टांकी उंचावर ठेवावी, कार्बुरेटर खालीं ठेवावा, म्हणजे पाणी उताराकडे वाहतें तसें पेट्रोलही वाहील. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीची टांकी पुढच्या बैठकीखालीं असे. या रचनेंत पंप नाहीं, म्हणून पंपाचा बिघाडही नाहीं. मात्र टांकींत पेट्रोल थोडें उरलें असतां उभी चढण लागली कीं, कार्बुरेटर टांकीच्या वर जाई आणि इंजिन उपाशीं राही. मग हांकणारे लोक गाडी उलट फिरवीत आणि चढण मागल्या पायांनीं चढत! हा अवघड प्रकार टाळण्यासाठीं दुसरें उत्तर निघालें. इंजिनाच्या स्वतःच्या ओढीनें मागील टांकींतील पेट्रोल पुढें एका लहान टांकींत खेंचून घ्यावें आणि तेथून तें उतारानें सोडावें. यांतही गोम होतीच. लांब चढणीवर गाडी पूर्ण जोरानें हांकली कीं नेमकी तीच ओढ कमी पडे आणि लहान टांकी रिकामी होई. १९२० नंतरच्या दशकाच्या शेवटीं शेवटीं तिसरें उत्तर पुढें आलें आणि तें पुष्कळ वर्षें टिकलें. इंजिनाच्या अंगालाच एक छोटा पंप बसवावयाचा, आंतील दांड्यानें त्याचा लवचिक पडदा खालींवर हलवावयाचा, आणि गाडीच्या पाठीमागील टांकींतून लांब नळीवाटे पेट्रोल शोषून घ्यावयाचें. नांदगांवपेठेस उभ्या राहिलेल्या फियाटमध्यें होता तो हाच पंप. तो स्वस्त, साधा आणि बहुधा विश्वासू होता. पण तो इंजिनाच्या तापलेल्या अंगाला चिकटलेला होता आणि पेट्रोल ढकलीत नव्हता, ओढीत होता. त्याचे सारे गुणदोष या दोन गोष्टींत सांठविलेले आहेत.

मध्यंतरीं एक काळ असाही आला कीं, पेट्रोल कोणत्या वाटेनें न्यावें हा प्रश्न बाजूस राहिला आणि पेट्रोल आणावें तरी कोठून हाच प्रश्न उरला. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. पेट्रोल कुपनांवर मिळूं लागलें आणि बस व लॉऱ्या यांच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. लांकडी कोळसा कोंडलेल्या हवेंत अर्धवट जाळला म्हणजे जो वायु निघतो तो गाळून, थंड करून इंजिनांत सोडीत. युरोपांतही त्या वर्षांत लाखों वाहनें अशाच वायूवर चालत होतीं. या सोयीची किंमत मोठी होती. इंजिनाचें बळ तिसऱ्या हिश्श्यानें किंवा त्याहूनही अधिक घटे. सकाळीं भट्टी पेटवून, भात्यानें वारा घालून, वायु नीट निघेपर्यंत उतारूंस वाट पाहावी लागे. गाळण्या राखेनें भरत आणि त्या वरचेवर साफ कराव्या लागत. शिवाय या वायूचा मुख्य ज्वलनशील भाग जो कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद जागेंत तो माणसाचा जीव घेतो. युद्ध संपलें, पेट्रोल हळूहळू मोकळें झालें आणि भट्ट्या गेल्या. मात्र इंजिनास कांहींही खाऊं घालून चालवितां येतें, फक्त त्याचा मोबदला कोठेंतरी द्यावा लागतो, हा धडा त्या वर्षांनीं शिकविला. तो पुढें पुन्हां पुन्हां गिरवावा लागला.

युद्धाच्या त्याच धामधुमींत, १९४४ सालीं, सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. इटलींतील फियाट कंपनीशीं करार होऊन १९५४ पासून तेथें फियाट ११०० ही लहान गाडी तयार होऊं लागली. पुढें १९६४ सालीं तिचें नवें रूप बाजारांत आलें. १९७३ त तिला 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ त चितोडच्या राणीवरून 'प्रीमियर पद्मिनी' असें नांव मिळालें. नांवें बदललीं, पण १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन आणि त्याची मूळ घडण फारशी बदलली नाहीं. लोकांनींही नवें नांव फारसें मनावर घेतलें नाहीं; वऱ्हाडांत ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. परवान्यांच्या त्या काळांत मोटारीसाठीं आगाऊ नोंदणी करून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. त्यामुळें हातीं आलेली गाडी पंधरा-वीस वर्षें वापरणें हा नियमच होता. डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी आणि संत्र्यांचे बागाईतदार यांच्या दारांत ती उभी असे, आणि तिचीं दुखणीं घरांतील वृद्धांच्या दुखण्यांइतकीं सर्वांच्या परिचयाचीं असत.

त्यांतील पहिलें आणि वऱ्हाडाशीं अधिक जवळचें दुखणें म्हणजे वाफेचा अडसर. मिस्त्री लोक त्याला 'एअर पकडली' असें म्हणत. पण ती खरी हवा नव्हे, ती पेट्रोलचीच वाफ. पाण्यास उकळण्याचा एक ठराविक बिंदु असतो, तसा पेट्रोलला नसतो. तें अनेक द्रव्यांचें मिश्रण असल्यामुळें त्यांतील हलके भाग ३५ ते ४० अंश उष्णतेसच वाफ होऊं लागतात आणि जड भाग २०० अंशांच्या आसपास उकळतात. अमरावती-अकोल्याच्या बाजूस मे महिन्यांत सावलींतील पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि बॉनेटखालील उष्णता त्याहूनही पुष्कळ अधिक असते. त्यांत पंप पेट्रोल ओढतो, म्हणजे नळींतील दाब उतरतो. आणि दाब उतरला कीं कोणताही द्रव नेहमींपेक्षां कमी उष्णतेवर उकळूं लागतो. पंपांत अशी वाफ भरली म्हणजे पडदा खालींवर होत राहतो, पण वाफ नुसती दबते व फुगते, पेट्रोल पुढें सरकतच नाहीं.

येथें एक गोष्ट अनेकांस चमत्कारिक वाटे. गाडी धांवत असतां न थांबणारें इंजिन विसाव्यानंतरच कां रुसावें? त्याचें कारण असें कीं, धांवतांना समोरून वारा येत असतो, पंखा फिरत असतो, पाणी खेळत असतें, आणि पंपांतून थंड पेट्रोलही सतत वाहत असतें. गाडी उभी राहिली कीं हे सारे उपाय एकदम बंद पडतात, पण लोखंडांत सांठलेली उष्णता मात्र कोठें जात नाहीं. ती पंप, नळी आणि कार्बुरेटर यांत शिरते. म्हणून इंजिन बंद केल्यावर पहिलीं दहा-पंधरा मिनिटें पंप उलट अधिकच तापतो, आणि चहास लागणारा वेळ नेमका तेवढाच! ओल्या फडक्यांतील पाणी वाफ होऊन उडतांना पंपाची उष्णता घेऊन जातें, आंतील वाफ पुन्हां द्रव होते आणि पंपाला पकड मिळते. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें फियाट चालू होई. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यांत हा उपाय कोंकणापेक्षां अधिक लौकर लागू पडे, तो याच न्यायानें. फक्त पाणी ठिणगीच्या तारांवर सांडूं नये, एवढें पथ्य सांभाळावें लागे.

याचेंच एक जुळें भावंड आहे. कधीं पंपांतील नव्हे तर कार्बुरेटरच्या वाटींतील पेट्रोल उकळतें आणि उतूं जाऊन इंजिनांत सांडतें. पहिल्या दुखण्यांत इंजिन उपाशीं असतें. या दुखण्यांत त्याला अजीर्ण झालेलें असतें. बाहेरून लक्षण एकच, गाडी चालू होत नाहीं. पण पेट्रोलचा उग्र वास आला तर अजीर्ण समजावें, वास नसेल तर उपवास. अजीर्ण असेल तर चोक लावूं नये. पेट्रोलचा पट्टा तळापर्यंत दाबून धरावा आणि किल्ली फिरवावी, म्हणजे भरपूर हवा जाऊन सांडलेलें पेट्रोल निघून जातें. अनेक मालक घाबरून पट्टा पुन्हां पुन्हां दाबीत. प्रत्येक दाबासरशीं आंत पेट्रोलची नवी पिचकारी उडे आणि अजीर्ण वाढे.

दुसरें दुखणें कचऱ्याचें. कार्बुरेटरमधील मुख्य जेटचें छिद्र एक मिलिमीटरभर रुंद, कांहीं जेट त्याहूनही बारीक. टांकी मात्र पत्र्याची. पावसाळ्यांत अर्ध्या रिकाम्या टांकींत दमट हवा शिरते, रात्रीं गारवा आला म्हणजे तिचें पाणी होऊन तळाशीं बसतें, आणि पेट्रोलपेक्षां पाणी जड असल्यामुळें तें तेथेंच राहून पत्रा गंजवितें. त्यांत रस्त्याची धूळ आणि पंपावरील डब्यांतून आलेला गाळ यांची भर पडते. गाडी उभी असतां ठीक चालते, वेग घेतला कीं झटके देते, थोडी उसंत दिली कीं पुन्हां सुधारते, अशी तक्रार आली म्हणजे जाणता मिस्त्री गाळणी आणि जेट उघडी. जेटमधील कचरा फुंकून किंवा चाकांत हवा भरण्याच्या पंपानें उडवावा. त्यांत तार घालूं नये, हा या धंद्यांतील जुना दंडक आहे. पितळ मऊ असतें. तारेनें छिद्र केसभर रुंदावलें तरी मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें आणि गाडी त्यानंतर जन्मभर अधिक पेट्रोल पिते. तसेंच टांकी तळास येईपर्यंत गाडी हांकणें ही काटकसर नव्हे. शेवटच्या दोन-तीन लिटरांबरोबर वर्षांचा गाळही ओढला जातो.

कांहीं दुखणीं इतकीं क्षुल्लक असतात कीं त्यांकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. टांकींतून पेट्रोल जातें तितकी हवा आंत येण्यास वाट लागते. ती वाट धुळीनें बुजली कीं टांकींत पोकळी तयार होते, पंपाचें बळ तिच्याशीं झुंजण्यांत खर्चीं पडतें आणि पांच-दहा मैलांनीं गाडी थांबते. झाकण उघडतांच 'फुस्स' असा आवाज झाला कीं निदान पक्कें समजावें. कित्येक ठिकाणीं पंप बदलले गेले, कार्बुरेटर बदलले गेले, आणि दोष होता झाकणाच्या छिद्रांत! पंपाचा पडदा जुना होऊन चिरला तर पेट्रोल इंजिनच्या तेलांत उतरतें. तेलाची पातळी कमी होण्याऐवजीं वाढूं लागली आणि सळईला पेट्रोलचा वास आला, तर आनंद मानूं नये. पातळ झालेलें तेल बेअरिंगें खाऊन टाकतें. कार्बुरेटरच्या वाटींतील तरंगता गोळा फुटून त्यांत पेट्रोल शिरलें, किंवा त्याची सुई अडकली, तर पेट्रोलचा ओघ थांबत नाहीं आणि तें बाहेर ठिबकूं लागतें.

या शेवटच्या दोषास मात्र क्षुल्लक म्हणतां येत नाहीं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती बॉनेटखालीं सांचून राहते आणि एका ठिणगीनें भडकते. तडा गेलेली पंधरा रुपयांची रबरी नळी आज बदलूं, उद्यां बदलूं म्हणून राहून गेली, आणि हमरस्त्यावर गाडीचा सांगाडा उरला, असे प्रसंग मोटारीच्या इतिहासांत थोडे नाहींत. म्हणून जुने कारागीर नवशिक्यास पहिला पाठ हाच देत: पेट्रोलचा वास आला कीं प्रवास थांबवावा, कारण कळल्यावांचून किल्लीस हात लावूं नये.

दोष शोधण्याची त्यांची पद्धतही पाहण्यासारखी होती. ते अंदाजानें एकेक भाग बदलीत बसत नसत. पेट्रोलच्या वाटेनें चालत जात. थंड झालेल्या इंजिनावर कार्बुरेटरकडील नळी सोडवून तिचें तोंड बाटलींत धरीत आणि इंजिन फिरवीत. पेट्रोलच्या ठसठशीत चिळकांड्या आल्या, तर टांकीपासून पंपापर्यंतची वाट निर्दोष ठरे आणि दोष कार्बुरेटरांत आहे हें निश्चित होई. पेट्रोल आलें नाहीं, तर पंपाच्या अलीकडील नळी, मग गाळणी, मग टांकी असें मागें मागें जात. वैद्यानें नाडी पाहावी तशी ही परीक्षा, आणि तिला एक रिकामी बाटली व एक पाना यांखेरीज कांहीं लागत नसे.

आतांपर्यंतचीं दुखणीं निसर्गानें आणि काळानें आणलेलीं. एक दुखणें मात्र सर्वस्वीं माणसानें आणलें. १९७३ च्या ऑक्टोबरपासून अवघ्या कांहीं महिन्यांत जगाच्या बाजारांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला आणि पेट्रोलची किंमत मध्यमवर्गाच्या मोटारीला झेपेनाशी झाली. शिधापत्रिकेवर गरिबांच्या चुलीसाठीं मिळणारें रॉकेल त्या मानानें अतिशय स्वस्त होतें. ही तफावत दिसली आणि पेट्रोलमध्यें रॉकेल मिसळण्याचा काळा धंदा फोफावला. रॉकेलचे भाग १५० अंशांच्या पुढें उकळतात, त्यामुळें त्याचे तुषार नीट वाफ होत नाहींत. इंजिन सकाळीं चालू होत नाहीं, चढणीवर ठोके देतें, धूर सोडतें, आणि न जळलेलें रॉकेल तेलांत उतरून सारें यंत्र झिजवितें. ओळख पटावी म्हणून सरकारनें शिध्याच्या रॉकेलला निळा रंग दिला. पेट्रोल पंपावर गाळण-कागदाची परीक्षा मागण्याचा हक्क ग्राहकास मिळाला. कागदावर टाकलेला शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवतां उडून जातो. भेसळीचा थेंब मागें तेलकट डाग ठेवतो.

हा धंदा केवळ इंजिनांच्याच मुळावर उठला होता असें मात्र नाहीं. २५ जानेवारी २०११ रोजीं, प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वदिवशीं, मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनीं नाशिक जिल्ह्यांत मनमाडजवळ तेलाच्या भेसळीचा एक अड्डा पाहिला आणि तेथेंच ते थांबले. भेसळ करणाऱ्यांनीं त्यांस भर दिवसा जिवंत जाळलें. मोटारींत शिरणाऱ्या त्या गढूळ तेलाला एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याच्या प्राणांची किंमत पडली, हें महाराष्ट्रास विसरतां येण्यासारखें नाहीं. जेटमध्यें अडकलेला कचरा फुंकरीनें निघतो. हा कचरा तसा निघत नाहीं.

यंत्राच्या बाजूनें पाहिलें तर काळ पुढें सरकतच होता. १९८३ च्या डिसेंबरांत गुरगांव येथें मारुति ८०० ही ७९६ घनसेंटिमीटरांची छोटी गाडी निघाली आणि फियाटचें राज्य ओसरूं लागलें. मारुतीलाही प्रथम कार्बुरेटरच होता आणि जेटचा कचरा तिलाही चुकला नाहीं. परंतु धुरावरील निर्बंध कडक होत गेले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलें आणि त्याच सुमारास कार्बुरेटर मागें पडून इंधन दाबानें फवारणारी योजना लहान गाड्यांतही आली. तिच्यांत पंप टांकींतच बुडलेला असतो आणि तो ओढीत नाहीं, ढकलतो. नळींतील दाब वातावरणाच्या सुमारें तिप्पट असतो. दाब वाढला कीं उकळण्याचा बिंदुही वर चढतो. अशा रीतीनें वाफेचा अडसर, निदान नव्या गाड्यांपुरता, इतिहासजमा झाला. कुर्ल्याची पद्मिनीही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ती त्यापुढेंही रेंगाळली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तेथूनही तिनें निरोप घेतला.

इतक्यांत जुन्या गाडीपुढें नवें संकट उभें राहिलें आहे. उंसापासून व धान्यापासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळण्याचें धोरण २००३ सालीं महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत पांच टक्क्यांनीं सुरू झालें. २०२२ त तें प्रमाण देशभर दहा टक्क्यांवर आणि २०२५ त वीस टक्क्यांवर गेलें. परदेशी तेलावरील खर्च वांचावा आणि शेतमालास गिऱ्हाईक मिळावें, हे त्यामागील हेतु उघड आहेत आणि शेतकऱ्यांच्या वऱ्हाडास त्यांचें महत्त्व सांगावयास नको. पण १९७० च्या दशकांतील रबर, पडदे आणि जस्तमिश्रित ओतकामाचे कार्बुरेटर हे इथेनॉलसाठीं घडविलेले नव्हते. तें जुनें रबर फुगवितें व ठिसूळ करितें. टांकींतील वर्षानुवर्षांचा थर सोडवून तो जेटकडे पाठवितें. हवेंतील पाणी शोषून घेतें, आणि पाणी फार झालें कीं पेट्रोलपासून फुटून तळाशीं बसतें. त्यांतील उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच असल्यामुळें जुन्या मापाचा जेट इंजिनास अर्धपोटी ठेवतो. मूळ शुद्ध पेट्रोलसाठीं आंखलेल्या आणि दहा टक्क्यांसाठीं जुळविलेल्या गाड्यांची धांव वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनीं घटते, असें नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच सांगितलेलें आहे. पद्मिनीसारखी गाडी तर दहा टक्क्यांसाठींही जुळविलेली नव्हती. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी कीं, थोड्या प्रमाणांतील इथेनॉलनें पेट्रोलची वाफ होण्याची प्रवृत्ति वाढते! म्हणजे नांदगांवपेठच्या उन्हांतलें तें जुनें दुखणें पुन्हां नव्या वाटेनें परत आलें.

त्यावर उपाय नाहींत असें नाहीं. जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्या. पंपाचा पडदा बदलावा, किंवा टांकीजवळ विजेचा छोटा पंप बसवून पेट्रोल ओढण्याऐवजीं ढकलावें. टांकी एकदां उतरवून आंतून स्वच्छ करावी आणि पावसाळ्यांत ती भरलेली ठेवावी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बुरेटरची वाटी रिकामी करावी, कारण उडून गेलेल्या पेट्रोलमागें चिकट राळ उरते. यांतील एकही काम फार खर्चाचें नाहीं. महाग आहे तो जाणता हात. आणि तो दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. नव्या गाडीचा दोष यंत्र पडद्यावर अक्षरांत लिहून दाखवितें. जुन्या गाडीचा दोष वासानें, स्पर्शानें आणि कानानें ओळखावा लागे, आणि ती विद्या कोणत्याही पुस्तकांत पुरती उतरलेली नाहीं.

जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांस ऐतिहासिक वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी देण्याचे नियम केले. १९७४ सालीं कुर्ल्याहून निघालेल्या पहिल्या पद्मिनींनीं ती पन्नाशी आतां ओलांडली आहे. त्यांपैकीं ज्या वऱ्हाडांत उरल्या असतील, त्यांना कागदोपत्रीं मान मिळेल. परंतु नुसत्या कागदानें इंजिन चालत नाहीं. नांदगांवपेठची वाट आज रुंद झाली आहे, तिच्यावर पथकराचें नाकें आलें आहे, जवळच औद्योगिक वसाहत आणि विजेचा मोठा कारखाना उभा राहिला आहे. वैशाखाचें ऊन मात्र पूर्वींचेंच आहे. एखाद्या दुपारीं तेथें जुनी फियाट पुन्हां थांबली, तर दुरुस्तीची साखळी बोलावण्यापूर्वीं मालकानें टांकीचें झाकण सैल करून पाहावें, पेट्रोलचा वास येतो कीं काय तें पाहावें, आणि मग पाण्याचा तांब्या व एक फडकें मागावें. बहुतेक वेळां तेवढ्यानेंच भागेल.